माहेरचं कार्ड

हैदराबादहून फोन आला तेव्हा पावणेबारा वाजले होते. शनिवार होता. आम्ही कुरियरनं पाठवलेल्या डिस्कवर ओरखडे आले आहेत आणि आवाजांच्या साठपैकी चौतीस फायली उघडत नाहीत, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. नवी डिस्क सोमवारी पोचली तरी तिचा उपयोग नव्हता. त्यांची नोंदणी आज संध्याकाळी सहाला बंद होणार होती. साठ पूर्ण नसतील तर आमचा गट धरायचा नाही आणि त्या जागी पुणे शहरातले आवाज घ्यायचे, असं ठरलं होतं. त्या सभ्य होत्या. मला उशिरा कळवल्याबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली.

हे २००९ सालच्या मार्चमधलं. हैदराबादच्या त्या कंपनीला संगणकाला बोललेलं मराठी समजेल असा प्रोग्रॅम तयार करायचा होता. त्यासाठी जागोजागचे आवाज हवे होते, आणि शिरूर तालुक्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मांडवगण फराट्यात राहून घरच्या संगणकावर करता येईल असं काम मी बरेच दिवस शोधत होते. माणसानं माइकसमोर बसायचं आणि आज दिवसभरात काय केलं ते तीन मिनिटं आपल्या बोलीत सांगायचं, एवढंच होतं. गिताबाईनं कांद्याची वखार कशी लावायची ते सांगितलं. मोठ्या आळीतल्या साखरबाईंनी तीन मिनिटं सुनेबद्दल तक्रार केली आणि शेवटी ती भाकरी मात्र चांगली करते, असं कबूल केलं.

सातव्या क्रमांकाचा आवाज आप्पांचा होता. माझे वडील. शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे बन्सी वायरमन म्हणून त्यांना भीमेच्या दोन्ही काठांची माणसं ओळखत. या कामाबद्दल मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजी त्या यंत्रानं आपलं ऐकलंच न्हाई, तर त्याला आपण हाय हे कळणारच न्हाई की." मग त्यांनीच मोटारसायकलवर फिरून निम्मी माणसं गोळा केली. डिस्क तयार होण्याआधी नऊ दिवस ते नदीकाठच्या एका मोटारीवर काम करताना गेले. फोन आला त्या शनिवारी या गोष्टीला बावीस दिवस झाले होते.

बाईंनी न उघडणाऱ्या फायलींचे क्रमांक सांगितले, ते मी लिहून घेतले. त्यांत सात नव्हता. आप्पांचा आवाज नीट पोचला होता. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. मग मी कामाला लागले.

पुण्याला जायचं तर गाडी एकची होती. कॅफे गाठेपर्यंत चार वाजले असते, आणि तिथली लाइनसुद्धा उतरवून घेताना पळते, वर पाठवताना रडते. तेव्हा जे करायचं ते इथूनच. माझ्याकडे मोबाइल कंपनीचं नेटचं कार्ड होतं, संगणकाला खोचायचं. पहिली फाइल लावली आणि आकडा बघितला. सेकंदाला सहा केबी. या वेगानं चौतीस फायलींना साडेनऊ तास लागणार होते, आणि माझ्या हातात सहा होते.

एका संगणकाला एकापेक्षा जास्त जोडण्या लावता येतात हे मी वाचलेलं होतं. अडचण एवढीच, की संगणक आपण होऊन त्यातली एकच वापरतो, बाकीच्या नुसत्या टांगून ठेवतो. कुठल्या पत्त्याला कुठल्या वाटेनं जायचं हे त्याला लिहून सांगावं लागतं. मी हैदराबादला फोन करून विचारलं, फायली घ्यायला तुमच्याकडे वेगवेगळे पत्ते आहेत का. तीन होते. मला तेवढेच हवे होते. पहिला पत्ता पहिल्या वाटेनं, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या. संगणकाला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत तीन ओळी लिहिल्या की झालं. फायली सुट्या होत्याच. त्या तीन ढिगांत वाटायच्या.

माझी वहिनी माया दोन घरांतून दोन मोबाइल मागून घेऊन आली. केबल माझ्याकडे होत्या. सव्वा वाजता तिन्ही वाटा सुरू झाल्या. मला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं, हे कबूल करते.

मग आकडे बघितले. दोन, दोन आणि दोन.

मी एक मोबाइल काढला. तीन आणि तीन. दुसराही काढला. सहा.

पुन्हा तिन्ही लावले, ओळी तपासल्या, संगणक बंद करून चालू केला. अर्धा तास गेला. ओळींत चूक नव्हती. माया शेजारी बसून माझ्याकडे बघत होती. वीज दहालाच गेली होती, चार वाजेपर्यंत येणार नव्हती. पण संगणक आप्पांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेल्या इन्व्हर्टरवर चालत होता. त्या इन्व्हर्टरचा बारीक आवाज ऐकताना मला आप्पांचं एक बोलणं आठवलं. तीन भावांनी सामाईक विहिरीवर तीन मोटारी बसवल्या होत्या आणि तिघांचंही पाणी तुटायला लागलं, म्हणून त्यांनी आप्पांना बोलावलं होतं. आप्पांनी मोटारी उघडल्याच नाहीत. विहिरीत डोकावले आणि म्हणाले, "मोटारी तीन हायेत, झरा एकच हाय. मी काय दुरुस्त करू?"

"माया," मी विचारलं, "हे दोन्ही फोन कुठल्या कंपनीचे?"

तिनं सांगायची गरजच नव्हती. गावात दुसरी कंपनी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी दूध संस्थेनं सगळ्या सभासदांना एकाच कंपनीची कार्डं वाटली होती. आपसात बोलणं फुकट. साखरबाईंचा मुलगा इंद्रजीत संस्थेचा सचिव, त्यानं घरोघर फिरून जुनी कार्डं काढायला लावली आणि ही घातली. गाव एका कंपनीवर आलं याचा त्याला अभिमान होता. माझं नेटचं कार्डही त्याच योजनेतलं. आम्ही तिघं मिळून शाळेमागच्या एकाच टॉवरचं पाणी उपसत होतो.

दुसरी विहीर पाहिजे होती. नदीपलीकडे, दौंडच्या बाजूला, दुसऱ्या कंपन्यांचे टॉवर होते, आणि आमच्या गच्चीवर त्यांची रेंज येते हे मला माहीत होतं. पण त्यांचं कार्ड या गावात कुणाकडे असणार? मी मोठ्यानं नावं आठवत होते आणि एकेक खोडत होते.

"माहेरची कार्डं," माया म्हणाली.

मला समजलं नाही.

"ताई, तुम्हाला कसं ठाव असंल? तुम्ही काय सून न्हाईत." ती हसली. "इंद्रजीतभाऊंनी कार्डं बदलली, ती घरातल्या फोनमधली. सुनांनी माहेरची कार्डं काय टाकून दिली व्हय? आईशी बोलणं त्या कार्डावरच फुकट पडतं. कुणाचं पावडरच्या डब्यात हाय, कुणाचं बांगड्यांच्या पेटीत."

"नदीपलीकडची कोण आहे?"

"राजनंदिनी. यवतची." ती थांबली. "इंद्रजीतभाऊंची बायको."

म्हणजे ज्यानं गाव एका कंपनीवर आणलं, त्याच्याच घरात दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं.

माया गेली आणि वीस मिनिटांत परत आली. तिच्याबरोबर राजनंदिनी होती, आणि त्या दोघींच्या पुढे साखरबाई. राजनंदिनीचं तोंड उतरलेलं होतं. मायानं तिला विहिरीजवळ गाठून हळू आवाजात विचारलं, तेव्हा साखरबाई गोठ्यातून बाहेर आल्या होत्या.

साखरबाईंना मी लहानपणापासून बघत होते. आवाज भरायलाही मी त्यांच्या ओसरीवर गेले होते. आमच्या घरी त्या कधी आल्या नव्हत्या. आप्पांच्या मातीला त्यांच्या घरातून इंद्रजीत आला होता, रस्त्यापर्यंत. आता त्या दारात उभ्या राहिल्या आणि एकदम मुद्द्यावर आल्या.

"माझी फाइल गेली का न्हाई?"

यादीत बघितलं. त्यांचा क्रमांक बावीस होता. न उघडणाऱ्यांतला. अजून गेलेली नव्हती.

"मग दे गं कार्ड," त्या सुनेला म्हणाल्या.

राजनंदिनीच्या बोटांत पदराचं टोक होतं, त्याची गाठ सोडत होती.

"मला काय ठाव न्हाई? रोज चार वाजता गोठ्यामागं जाऊन कुणाशी बोलती, म्हशीशी? बोलू दे म्हणलं. आईशीच बोलती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंद्रजीतला मी बघते. आन् हे कार्ड माझ्या नजरेसमोर राहील. झालं की आम्ही घिऊन जाणार."

मायानं चहाचं विचारलं. "ठेव की," म्हणत त्या आत येऊन खाटेवर बसल्या.

रेंजसाठी सगळं वर न्यावं लागलं. बॅटरी खालीच ठेवून लांब वायर सोडली. संगणक, त्याचा पडदा, केबल, असं एकेक करून आम्ही गच्चीवर नेलं. मार्चच्या उन्हात पडद्यावरचं काही दिसेना, म्हणून खाट उभी केली, तिच्यावर गोधडी टाकली आणि त्या सावलीत चौघी बसलो. पाण्याच्या टाकीपाशी राजनंदिनीच्या फोनमध्ये घातलेल्या यवतच्या कार्डाला तीन काड्या रेंज होती. नेटची सेटिंग यायला दहा मिनिटं लागली. तीन वाजायला दहा कमी असताना दुसरी वाट सुरू झाली.

सहा. पहिलीचा आकडा बघितला. तोही सहाच. कमी झाला नव्हता.

मायानं टाळी वाजवली नाही, पण हात तसे जवळ आणले.

मी हिशेब मांडला. नऊ फायली गेल्या होत्या, पंचवीस राहिल्या होत्या. दोन्ही वाटांनी मिळून तासाला सात. सहा वाजेपर्यंत फार तर तेवीस. दोन राहत होत्या. पुन्हा मांडला. दोनच.

तिसरी विहीर पाहिजे होती. माया पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिला माहीत होतं, आणि ती बोलणार नव्हती. मलाही पहिल्यापासून माहीत होतं. नावं आठवताना मी एक नाव घेतलंच नव्हतं.

मी पाच वर्षं दौंडला होते, आधी शिकायला, मग नोकरीला. तेव्हा आप्पांनी माझ्या कंपनीचं कार्ड घेतलं होतं, जोडीचं. दोन नंबर, एकमेकांत बोलणं फुकट. ती कंपनी राजनंदिनीच्या कंपनीहून वेगळी होती. मी गावी परतल्यावर माझं कार्ड बदललं. दूध संस्थेची योजना आली तेव्हा इंद्रजीतनं आप्पांनाही सांगून बघितलं. पलीकडच्या गिऱ्हाइकांकडे हाच नंबर गेलाय, असं ते त्याला म्हणाले. मला एकदा वेगळं सांगितलं होतं. म्हणाले होते, तू परत कुठं गेलीस तर असू दे. मुलींनी माहेरची कार्डं ठेवावीत, तसं त्यांनी मुलीचं कार्ड ठेवलं होतं.

फोन त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत होता. बावीस दिवस बंद. मी खाली गेले, पिशवी उघडली, पकड आणि टेस्टर बाजूला केला आणि फोन घेऊन वर आले. चार्जिंगची वायर खालून आलेल्या बॅटरीच्या वायरलाच जोडली. फोन सुरू झाला आणि हातात थरथरायला लागला. बंद असताना आलेल्या कॉलचे निरोप एकामागून एक येत होते. सगळ्यात आधीचे सात माझे होते. त्या दिवशी जेवायला या म्हणून केलेले. मी ते उघडले नाहीत, पुसलेही नाहीत. केबल लावली आणि तिसरी ओळ लिहिली.

चार. हा आकडा कमी होता, पण पुरेसा होता. साडेतीन वाजले होते.

चार वाजता राजनंदिनीच्या आईचा फोन आला. रोजच्यासारखाच. फोन वाजला की नेट थांबतं, हे माझ्या लक्षात होतं. ही वेळ मात्र लक्षात राहिली नव्हती. राजनंदिनीनं उचलला आणि एवढंच सांगितलं, की आज बोलता येत नाही. पलीकडून काळजीचे प्रश्न सुरू झाले. सासूनं धरलं का, इथपर्यंत. साखरबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"इहिणबाई, तुमची लेक बरी हाय. माझा आवाज चाललाय हैदराबादला, तवा उद्या फोन करा." त्यांनी फोन खाली ठेवला. पण वाट तुटली होती. एक फाइल जवळजवळ गेली होती, ती पहिल्यापासून लावावी लागली. पंधरा मिनिटं गेली.

मी पुन्हा हिशेब केला. जमत होतं, पण आता आणखी एक फाइल वाया जाऊन चालणार नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी आप्पांचा फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं, सोपानराव पारगाव. आप्पांनीच घातलेलं. मी कापला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माया म्हणाली, ते थांबायचे नाहीत, मोटार बंद पडली असणार. तिचं बरोबर होतं. शेतात पाणी सोडायच्या वेळी मोटार बंद पडली की माणूस थांबत नाही. मधल्या त्या दोन क्षणांत वाट कशीबशी टिकून होती. दीड-दोन मिनिटांत बोलणं संपलं तर फाइल तिथून पुढे चालू होते, हे मी दुपारपासून शिकले होते. मी उचलला.

"बन्सीआप्पा, कुठं हायेत तुम्ही? पंधरा दिस फोन बंद लागतोय. मोटार चालंना झालीय, पाणी आजच सोडायचंय."

"मी त्यांची मुलगी बोलतेय, रश्मी. आप्पा गेले. बावीस दिवस झाले."

बावीस दिवसांत हे वाक्य मला एकदाही म्हणावं लागलं नव्हतं. येणाऱ्याला आधीच माहीत असायचं. मी फक्त मान हलवत असे. आता म्हणून झालं होतं आणि माझी नजर आकड्यावर होती. शून्य.

पलीकडे नदीच्या पाण्याचा आवाज येत होता. मग सोपानराव म्हणाले, "आम्हाला कुणी कळिवलंच न्हाई." आणि जरा ओशाळून म्हणाले, "मग पोरी, आता मोटार कुणाला दावायची?"

"घुमते का गप आहे?"

"आँ?"

"बटण दाबल्यावर घुमते, का काहीच आवाज नाही?" आप्पा पहिला प्रश्न हाच विचारायचे. मी तो हजारदा ऐकला होता.

"घुमतीया. पर फिरत न्हाई."

"मग मोटार चांगली आहे. पेटीतला कॅपॅसिटर गेला असेल. काळा डबा, नाहीतर पांढरा. मेन स्विच बंद करून मग हात लावा, आणि वायरी सोडायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर मुठीला धरून त्याच्या लोखंडी दांडीनं डब्याची दोन टोकं जोडून घ्या, नाहीतर झटका बसेल. त्याच नंबरचा नवा आणून लावा."

"तेवढंच?"

"तेवढंच. मी उद्या तुम्हाला फोन करते. आता ठेवते, माझं काम अडलंय."

ठेवला. शून्य. शून्य. मग एक, आणि मग चार. साखरबाई माझ्याकडे बघत होत्या.  थोड्या वेळानं खाटेवरून सरकलेली गोधडी त्यांनी उठून नीट केली, कारण ऊन माझ्या बाजूला आलं होतं.

बाविसावा क्रमांक पाच वाजून पंचवीस मिनिटांनी गेला. तो यवतच्या कार्डावरून गेला, हे राजनंदिनीनं सासूला मुद्दाम सांगितलं. "म्हंजी तुझ्या माहेरच्या वाटंनं गेले म्हण की मी," साखरबाई म्हणाल्या. राजनंदिनी दुपारपासून पहिल्यांदा हसली.

चौतिसावी फाइल गिताबाईची होती, कांद्याच्या वखारीची. ती आप्पांच्या फोनवरून गेली, पावणेसहाला चार मिनिटं कमी असताना. मी हैदराबादला फोन लावला. बाईंनी एकेक फाइल उघडून बघायला वेळ घेतला.  सहाला तीन मिनिटं असताना त्या म्हणाल्या, साठ पूर्ण. सगळे आवाज स्वच्छ आहेत. मग त्यांनी विचारलं, नदीपलीकडच्या दौंड तालुक्याचा गट अजून कुणी घेतलेला नाही. सोमवारपासून त्याची नोंदणी उघडते. तुम्ही घ्याल का? तिकडे तुमच्या ओळखी आहेत का?

मी आप्पांच्या फोनकडे बघितलं. त्यात पलीकडच्या गावांची दीडएकशे नावं होती, प्रत्येक नावापुढे गाव.

"आहेत," मी म्हणाले.

राजनंदिनीनं कार्ड काढून पदराच्या टोकाला बांधलं. साखरबाईंनी तिला ते फोनमध्येच राहू दे म्हणून सांगितलं. खाली जाताना कप उचलायला त्या वाकल्या, मायानं तो त्यांच्या हातून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या फोनवरून सोपानरावांना फोन लावला. मोटार चालू झाली होती. कॅपॅसिटरच निघाला, असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मग आप्पांनी एकदा पावसात भिजत त्यांची मोटार कशी चालू करून दिली होती, ते सांगायला लागले. छान सांगत होते. मी मध्ये थांबवलं आणि म्हटलं, हे असंच, पुढच्या रविवारी मी तिकडे येईन तेव्हा सांगाल का? तीन मिनिटं. एका यंत्राला ऐकवायचं आहे.

"यंत्राला कशाला?"

मी सांगितलं.

"मग ये की," ते म्हणाले. "नाव लिहून ठेव माझं."

वही काढली. नव्या पानावर दौंड लिहिलं, खाली एकचा आकडा घातला आणि त्यांचं नाव लिहिलं. फोन पुन्हा चार्जिंगला लावला. बंद केला नाही.